डी अक्षराखालचं तेल

मी बटणं दुरुस्त करतो. शर्टाची नाही, कीबोर्डची. जळगावात माझं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे एक टेबल, भिंग बसवलेला दिवा, सोल्डरिंगची हत्यारं आणि भिंतीला लावून ठेवलेली पोती. पोत्यांत जुने कीबोर्ड आहेत. घरातली मंडळी त्याला भंगार म्हणतात आणि गिऱ्हाईक विंटेज म्हणतं. मी दोघांनाही हो म्हणतो.

निवृत्त होण्याआधी तीस वर्षं मी एका कंपनीत देखभालीच्या कामाला होतो. जिथे जिथे मोठा संगणक आणि त्याला जोडलेले पडदा-कीबोर्डवाले टर्मिनल असत, तिथे ते चालू ठेवायचे, हे काम. बँका, सूतगिरण्या, दूध संघ, सगळा खानदेश माझ्या अंगावर होता. एसटीच्या फळीवर हत्यारांची पेटी आणि मांडीवर कीबोर्ड, असा माझा प्रवास. कंडक्टर विचारायचे, भाऊ, पेटी वाजवता का? सुरुवातीला मी समजावून सांगत असे. पुढे हो म्हणायला लागलो.

त्या कीबोर्डांत आज काय विशेष आहे, ते आधी सांगतो. हल्लीच्या साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराची एकच चादर असते. जुन्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र डबी असते, तिला स्विच म्हणतात. डबीत एक प्लास्टिकचा दांडा, त्याखाली स्प्रिंग आणि बाजूला पातळ धातूच्या दोन पट्ट्या. दांडा वर असताना त्याचा पाय एका पट्टीला रेटून दूर धरतो. दांडा अर्ध्यापर्यंत खाली गेला की पट्टी सुटते, दुसरीला टेकते आणि संगणकाला कळतं की बटण दाबलं. काही स्विच त्या जागी टक् वाजतात. काहींना मधे एक बारीकसा उंचवटा लागतो. तिसरी जात म्हणजे लिनिअर. त्यात ना आवाज, ना उंचवटा. वरपासून खालपर्यंत बोटाला एकसारखं लागतं.

आमच्या टर्मिनलांत काळ्या दांड्याचे लिनिअर स्विच होते आणि त्यांची स्प्रिंग चांगली कडक होती. ती कडक का, हे मला एका दूध संघात कळलं. तिथल्या ऑपरेटर बाई उजवा हात बटणांवर टेकवून शेजारणीशी तासन्‌तास बोलत. स्प्रिंग हलकी असती तर एखाद्या गावच्या दुधात दोन शून्यं सहज वाढली असती. बाईंचं बोलणं काही थांबणार नव्हतं, म्हणून स्प्रिंग कडक.

हे स्विच नवे असताना थोडे खरखरीत असतात. वापरून वापरून दांडा आणि डबीच्या कडा एकमेकांना घासतात आणि मग तो असा काही गुळगुळीत चालायला लागतो की नव्याला ते जमत नाही. हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं, पण त्याचा कोणाला उपयोग असेल असं वाटलं नव्हतं. कार्यालयं जुनी यंत्रं काढून टाकत होती, तेव्हा मी कीबोर्ड तेवढे मागून घेतले. कशाला, असं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

संगणकावर खेळणाऱ्यांनी मला शोधून काढलं. पहिलं गिऱ्हाईक होतं मुक्ताईनगरकडचे एक केळीवाले आबा. दिवसभर बागेत उभं राहून केळीचे घड ट्रकमधे भरून घ्यायचे आणि घरी आल्यावर संगणकावर ट्रक चालवण्याचा खेळ खेळायचे. त्यांची मागणी एकच, ट्रक पुढे नेणारं बटण तासभर दाबून ठेवलं तरी बोट अवघडू नये. मी म्हटलं, आबा, ट्रक पाहून पाहून कंटाळा येत नाही का? म्हणाले, "खऱ्या ट्रकचा ड्रायव्हर माझं ऐकत नाही." मी त्यांना हलक्या स्प्रिंगचे चार स्विच बसवून दिले. त्यांनी ही बातमी कोणाकोणाला सांगितली देव जाणे, महिन्याभरात धुळ्याहून मुलं आली.

धुळ्याची मंडळी गोळीबाराचा खेळ खेळत. पाच जणांविरुद्ध पाच जण. उजवा हात माउसवर, डावा हात कीबोर्डवर. डाव्या हाताला मुख्य चारच बटणं लागतात. डब्ल्यू दाबलं की पुढे, एस दाबलं की मागे, ए म्हणजे डावीकडे आणि डी म्हणजे उजवीकडे. डीवर तर्जनी असते. समोरच्याची गोळी यायच्या आत बाजूला सरकायचं आणि लगेच थांबायचं, सगळा खेळ यावर. अशा वेळी उंचवट्याचा स्विच मधे येतो. लिनिअर मधे येत नाही. अर्धा दाबला, सोडला, पुन्हा दाबला, बोटाला अडवणारं कोणी नाही.

मला एक खोड आहे, ती इथे कामाला आली. कीबोर्ड मोडताना कोणता स्विच कोणत्या अक्षराखालून काढला ते मी लिहून ठेवतो. शून्याचे वेगळे, स्पेसचे वेगळे, ईचे वेगळे. जास्त दाबलेली अक्षरं जास्त गुळगुळीत. क्यू आणि झेड यांना कोणी हात लावलेला नसतो, ते तीस वर्षांनंतरही नव्या नवरीसारखे कुरकुरतात. खेळणाऱ्यांच्या चार बटणांखाली मी शून्याचे आणि ईचे स्विच बसवायचो. डब्या धुवायला ओळखीच्या सोनाराकडे नेत असे. दागिन्यांतला मळ काढायला त्याच्याकडे पाण्यात थरथर निर्माण करणारं मशीन आहे. मंगळसूत्रं निघाली की माझे स्विच आत जात.

आता तेलाकडे येतो. धुतलेला दांडा परत बसवताना त्याला थोडं वंगण लागतं. धुळ्याच्या मुलांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, नाना, तेल नको, घट्ट ग्रीस वापरा, तेही बारीक ब्रशने, फक्त कडांना. मी ऐकून घेतलं आणि शिलाई मशीनचं तेलच वापरत राहिलो. बँकांच्या टर्मिनलांना तीस वर्षं तेच घातलं होतं, एकही तक्रार नाही. कालच्या पोरांकडून मी शिकायचं का, असं मनात होतं. ते मी बोललो नाही एवढंच.

भूषण आला तो याच दिवसांत. वय तिशीच्या आसपास, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला. धुळ्याच्या त्या पाच जणांपैकी एक. वर्षभरापूर्वी यंत्राच्या रोलरमधे त्याची डावी तर्जनी सापडली होती. बोट वाचलं, आतली शीर जोडली, पण ते पूर्ण वाकत नव्हतं आणि त्यात जोर नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोट रोज वापरलं तर सुधारेल, नाहीतर कायमचं ताठ होईल. रबराचा चेंडू दाबायला दिला होता. भूषणला चेंडूचा कंटाळा आला. त्याने ठरवलं की आपण खेळातच बोट वापरायचं.

साधा कीबोर्ड त्याने माझ्यासमोर दाबून दाखवला. "नाना, हाई बटन मना बोटले जड जास," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. बघितलं तर बरोबर होतं. रबर आधी विरोध करतं आणि मग एकदम बसतं. त्या आधीच्या विरोधापाशी त्याचं बोट थांबत होतं. त्याला एकसारखा, हलका आणि अर्ध्यातच लागणारा स्विच हवा होता. म्हणजे लिनिअर.

मी त्या कीबोर्डला तीन आठवडे दिले. माझ्या हातचं ते सर्वांत चांगलं काम होतं, हे मी आजही म्हणेन. एका बँकेच्या टर्मिनलमधले शून्याचे चार स्विच निवडले, त्यांच्या कडक स्प्रिंगा काढून हलक्या घातल्या, एकेक दाबून कानाजवळ धरून पाहिला. त्याने पहिल्यांदा बोट ठेवलं. नुसता दाबत राहिला. मग म्हणाला, "बठ्ठा चांगला शेतस, नाना." सगळेच स्विच चांगले आहेत, असं त्याचं म्हणणं. दर पंधरवड्याला येऊन तो बोट दाखवायचा. आधी ते निम्मं वाकायचं, पुढे त्याहून जास्त. डॉक्टरांनी चेंडू बंद करायला सांगितला म्हणे. मला फार आनंद झाला. आयुष्यभर मी यंत्रं बरी केली होती, माणूस पहिल्यांदाच.

मे महिन्यात धुळ्याला सामने होते. चार दिवस आधी भूषण कीबोर्ड घेऊन आला, म्हणाला एकदा बघून द्या. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण त्याच्या बोटासाठी काहीतरी जास्त करावं असं मला वाटलं. मी डीचा स्विच तेवढा उघडला आणि तेलाचा एक थेंब वाढवला. बाकीच्या तिघांना हात लावला नाही. तो थेंब प्रेमाचा होता, हे लिहायला मला लाज वाटते, पण तसा तो होता.

सामने एका मंगल कार्यालयाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमधे होते. बुद्धपौर्णिमा नुकतीच झाली होती. सकाळी घरून निघताना मी खिरीचा डबा घेतला होता, तो दुपारपर्यंत आंबेल इतकं ऊन होतं. शेडमधे दोन कूलर, दोन्ही गरम वारा फेकत होते. दहा संगणक, तीसेक खुर्च्या, आणि खेळ दिसावा म्हणून भिंतीवर मोठा पडदा. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. म्हाताऱ्याला पाहून आयोजकांनी मला सरबत दिलं. त्यांना मी कोणाचा तरी आजोबा वाटलो असणार.

भूषणचा संघ शेवटच्या सामन्यापर्यंत गेला. तिथे दोन्हीकडे एकेकच माणूस उरला आणि आमच्याकडचा उरलेला भूषण होता. एका भिंतीच्या आडून त्याला उजवीकडे एक पाऊल टाकून गोळी मारायची होती. ही चाल त्याने त्या दिवशी निदान वीस वेळा केली असेल. पडद्यावरचा त्याचा माणूस हलला नाही. जागच्या जागी उभा राहिला आणि पडला. खेळ संपला.

शेडमधे गलका झाला. मी भूषणकडे बघत होतो. त्याने कीबोर्डकडे पाहिलं नाही. डावा हात उचलून तोंडासमोर धरला आणि तर्जनीकडे पाहत राहिला. त्याच्या संघाचा कप्तान तुषार त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी सांगत होता. मी जवळ गेलो तेव्हा भूषण एवढंच म्हणाला, "मना बोटना दोष शे, नाना. तुमना काय नही."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. बोट दमलं असेल, असं मलाही वाटलं होतं. निदान त्या दिवशी तरी तसं वाटण्यात खोटं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर तो कीबोर्ड परत घेऊन आला. "ठेवा तुमनाजोडे. कोनले तरी दी टाका," म्हणाला. चहा घेतला नाही. उभ्या उभ्याच गेला.

पुढे काही दिवसांनी पारोळ्याच्या एका गिऱ्हाइकाला तसाच कीबोर्ड हवा होता, म्हणून मी तो टेबलावर घेतला. देण्याआधी प्रत्येक स्विच मीटरवर तपासायचा, हा माझा नेम. मीटरच्या दोन तारा स्विचच्या दोन पायांना लावायच्या आणि बटण दाबायचं. आत पट्टीला पट्टी टेकली की मीटर वाजतो. डब्ल्यू वाजला, एस वाजला, ए वाजला. डी दाबला, वाजला नाही. पुन्हा दाबला, वाजला. पाच-सहा दाबांत एकदा मुका.

डबी उघडून भिंगाखाली धरली. तेल दांड्यावर नव्हतं. खाली उतरून ते दोन्ही पट्ट्यांवर पसरलं होतं आणि त्यात बारीक धूळ बसून चिकट साय झाली होती. कसं झालं ते मला दोन मिनिटांत कळलं. बँकेच्या संगणकाच्या खोलीत कायम एसी असायचा. तिथे माझं तेल तीस वर्षं जागचं हललं नाही. पत्र्याखाली, मे महिन्यात, जळगाव-धुळ्याच्या उन्हात ते पाण्यासारखं झालं आणि नको तिथे उतरलं. मुलं ग्रीस घाला म्हणत होती ती याचसाठी.

म्हणजे भूषणचं बोट दमलं नव्हतं. बोटाने बटण दाबलं होतं. पट्ट्यांमधे माझा थेंब होता.

ही गोष्ट मला त्याच दिवशी फोन करून सांगता आली असती. फोन हातात घेतलाही. मग मनात आलं, सामना तर होऊन गेला, आता सांगून काय फरक पडणार? मग आलं, पारोळ्याच्या माणसाचा कीबोर्ड आधी करून देऊ. मग आलं की धुळ्यात ही बातमी कळली तर दुसऱ्या दिवसापासून दाराशी कोणी उभं राहणार नाही. शेवटचं कारण खरं होतं, आधीची दोन मी त्याला आडोसा म्हणून पुढे उभी केली होती. मी तेलाची बाटली फेकली, ग्रीस मागवलं, ब्रश आणला आणि मूग गिळून बसलो. डीचा तो स्विच मात्र साफ केला नाही. तसाच औषधाच्या गोळ्यांच्या एका डबीत ठेवला. का, ते विचारू नका. डबी टेबलावर होती आणि मी तिच्याकडे न पाहता कामं करत होतो.

संक्रांतीच्या सुमारास तुषार स्वतःचा कीबोर्ड धुवायला घेऊन आला. मी आपलं सहज विचारल्यासारखं भूषणचं विचारलं. तो म्हणाला, "भूषण आते खेळस नही, नाना. बोट वाकतच नही त्यानं." सामन्यानंतर त्याने बोट वापरणंच सोडलं होतं. चेंडूही नाही, खेळही नाही. ऐन वेळी धोका देणारं बोट, त्याच्या मागे कशाला लागायचं, असं म्हणायचा म्हणे. बोलता बोलता तुषार ग्रीसची तारीफ करत होता. मला पुढचं काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुरतेकडे जाणारी गाडी पकडून नरडाण्याला उतरलो. पिशवीत मीटर, गोळ्यांची डबी आणि एक चांगला स्विच. भूषणची सुट्टी होती. दार त्यानेच उघडलं. बाहेरच्या खोलीत बसलो. त्याच्या बायकोने, मनीषाने, पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. ती भुसावळची, तिथल्या शाळेत शिकलेली, बोलणं शहरातलं. भूषणने चहाचा कप उजव्या हाताने उचलला. डावी तर्जनी सरळ उभी होती, बाकीची बोटं मिटली तरी ती मिटत नव्हती.

मी प्रस्तावना केली नाही. ती करायला लागलो असतो तर परत फिरलो असतो. तेल, ऊन, पट्ट्या, सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मग मी मीटर काढून टेबलावर ठेवला आणि डबीतला स्विच तारांना लावला. म्हटलं, दाब. कुठल्याही बोटाने दाब. त्याने उजव्या हाताने दाबला. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा मुका. पुन्हा दाबला, मुका.

मग चांगला स्विच लावून म्हटलं, आता हा डाव्या तर्जनीने दाब. तर्जनी पेरांत वाकत नव्हती, म्हणून त्याने मुळापासून अख्खं बोट खाली नेलं. दांडा अर्ध्यापर्यंतही गेला नसेल असं वाटलं, आणि मीटर वाजला.

"म्हणजे त्या दिनले बोट दबनं व्हतं?" त्याने विचारलं.

"दबलं होतं."

त्याने पुन्हा दाबून पाहिलं. मीटर पुन्हा वाजला. मग मान न वळवता त्याने हाक मारली, "मनीषा, आठे ये." ती ओल्या हातांनी येऊन दारात उभी राहिली. भूषण मला म्हणाला, "नाना, परत सांगा. इनासमोर सांगा."

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. भूषण खाली बघून स्विच दाबत होता आणि दर दाबाला मीटर वाजत होता. मनीषाने सगळं ऐकून घेतलं, त्याच्या बोटाकडे पाहिलं, आणि मग मला शांतपणे विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

म्हटलं, पावसाळ्यात.

"मग इतके महिने तुम्ही काय करत होता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. वयाचं, तब्येतीचं, विसरण्याचं, काय वाटेल ते सांगता आलं असतं, आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून तिने ते मानलंही असतं.

"दुकान सांभाळत होतो," मी म्हणालो.